कोकराची गाठ

मी सूड घेतला आहे आणि घेताना मला बरं वाटलं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला देवमाणूस समजायला नको. आमचे पांढरे कपडे बघून लोकांना वाटतं की आमच्या पोटात नुसती दया भरलेली असते. माझ्या पोटात राग आहे. तो मी बरीच वर्षं सांभाळला, वेळच्या वेळी ऊन दाखवलं, वाळवी लागू दिली नाही.

मी परभणीत नर्स आहे. ज्यांना स्वतःचा श्वास घेता येत नाही अशा पेशंटांच्या वॉर्डातच माझी बहुतेक नोकरी झाली. तिथे पेशंटच्या तोंडातून श्वासनळीत एक नळी घालतात. करंगळीएवढी जाड, वाकडी, प्लॅस्टिकची. बाहेरच्या टोकाला मशीन जोडतात. आतल्या टोकाजवळ एक लहानसा फुगा असतो, तो फुगवला की नळीभोवतीची फट बुजते आणि हवा बाहेर न निसटता फुप्फुसात जाते. ही नळी आवाजाच्या पडद्यांमधूनच आत गेलेली असते, म्हणून ती असेपर्यंत माणसाला एक शब्द बोलता येत नाही. नळी घालणं हे डॉक्टरांचं काम, त्याचं नातेवाइकांना फार कौतुक. ती जागेवर ठेवणं हे आमचं काम. त्याचं कौतुक कुणी करत नाही, पण नळी निसटली की पहिली आठवण आमचीच होते.

माझे वडील पेडगावचे. त्यांची मेंढरं आहेत, आजही आहेत. मेंढ्या चरायला गेल्या की लहान कोकरं घरापाशी बांधून ठेवावी लागतात आणि ती दिवसभर आईच्या नावाने हिसके देतात. साधी गाठ मारली तर हिसक्यागणिक आवळत जाते. ढिली मारली तर सुटते आणि कोकरू रस्त्यावर. बाबांची गाठ यांतलं काहीच करत नाही. कितीही ओढा, गळ्याभोवतीचा फास जेवढ्यास तेवढा राहतो, आत दोन बोटं जातील इतका. सोडायची असेल तेव्हा गाठीची पाठ अंगठ्याने मागे लोटायची, लगेच मोकळी होते. बाबा तिला कोकराची गाठ म्हणायचे. त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवली, त्यांनी मला. माझ्या भावालाही शिकवली, पण त्याला जमली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

नर्सिंग झाल्यावर पहिली नोकरी मला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात लागली. तिथे नळी सुती फितीने बांधायचे. फीत नळीला दोन वेढे देऊन मानेमागून आणायची आणि गालाशी गाठ मारायची. इतर सिस्टरांच्या गाठी कधी रुतायच्या, कधी ढिल्या पडायच्या. मी बाबांची गाठ मारायला लागले. मी बांधलेली नळी हलायची नाही आणि पेशंटच्या मानेवर वळही उठायचे नाहीत. मला त्याचा इतका अभिमान की जो विचारेल त्याला आणि जो विचारणार नाही त्यालाही सांगायची, ही माझ्या वडिलांची गाठ आहे, कोकरं बांधायची. माझी चूक झाली ती इथे. बांधण्यात नाही झाली, बढाई मारण्यात झाली.

त्या दवाखान्यात एक भूलतज्ज्ञ डॉक्टर होते. हुशार होते, हात सफाईदार होता. आणि मोठ्या घरचा पेशंट आला की पाठीचा कणा घरी ठेवून यायचे.

एका उन्हाळ्यात तिथे एक बाई आली. तिशीतली, दोन मुलांची आई, न्युमोनियाने फुप्फुसं भरलेली. घर मास्तरकीतलं, शहरात वजन असलेलं. डॉक्टरांनी नळी घातली, मी बांधली. दोन दिवस सगळं नीट चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी भेटायच्या वेळेत तिची सासू आली, सुनेच्या गळ्याकडे बघितलं आणि तिचा चेहराच बदलला.

"हे काय बांधलंय? सवाशिणीच्या गळ्यात दोरी? तीबी मंगळसूत्रावरून?"

मी समजावून सांगितलं. आणि माझ्या जिभेला हाड नाही, म्हणून हेही सांगितलं की गाठ पक्की आहे, माझे वडील कोकरं अशीच बांधतात.

"म्हणजे जनावराची गाठ माझ्या सुनेला बांधलीस तू?"

सासू डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर आले. मला वाटलं, सांगतील आता तिला, की बाई, या नळीवर तुमच्या सुनेचा श्वास आहे, अपशकुनाचं नंतर बघू. त्यांनी माझ्या ट्रेमधली कात्री उचलली, माझी गाठ कचकन कापली, फीत कचऱ्यात टाकली आणि नळी दोन्ही गालांवर चिकटपट्टीने चिकटवून दिली. "ठीक आहे ना काकू आता?" असं हसून विचारलं. मी म्हटलं, सर, घाम येतोय त्यांना, लाळ आहे, पट्टी राहणार नाही. ते म्हणाले, "सिस्टर, मी डॉक्टर आहे."

दुपारी लाइट गेली. जनरेटरवर मशीन चालू राहिलं, पण कूलर बंद. परभणीचा मे महिना, कुणाला वेगळा सांगायला नको. मी तिच्या गालावरचा घाम पुसत होते, पट्टी दाबत होते, वर दुसरी पट्टी लावत होते. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला उलटी झाली. मी तिकडे वळले. दोन मिनिटं झाली असतील. बाईला जोरात खोकला आला, मशीन ओरडायला लागलं आणि मी वळून बघते तर नळी उशीवर पडलेली, पट्ट्या गालावरून सालपटासारख्या लोंबत असलेल्या.

मी तिच्या तोंडावर मास्क धरून हवेची पिशवी दाबत राहिले, बरोबरच्या सिस्टरला डॉक्टरांना फोन करायला लावला. ते जेवायला घरी गेले होते. आले तोवर तिचा घसा सुजला होता, नळी परत आत जाईना. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. चौथ्याला नळी गेली, पण बाई गेली होती.

कागदावर त्यांनी लिहिलं, सिस्टरने बांधलेली दोरी ढिली होऊन नळी निसटली. दोरी कचऱ्यात पडली होती, तीही कापलेली, पण कचरा संध्याकाळी गेला. डॉक्टरांनी कात्री चालवली तेव्हा माझ्याबरोबरची ती सिस्टर तिथेच होती. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. सासूला पट्टी आठवत असेल का? मला वाटतं, आठवत असेल. पण डॉक्टर म्हणतात दोरी सुटली, तर दोरीच सुटली असं तिने स्वतःला पटवलं असावं. दुसरं पटवलं असतं तर तिला त्या घरात पाणी गोड लागलं नसतं.

बाई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर माफीनामा तयार होता, डॉक्टरांच्या अक्षरात. माझ्या हलगर्जीपणामुळे गाठ सुटली, असं त्यात होतं. मला सासूच्या पाया पडायला लावलं आणि मी पडले. ते मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. वय लहान होतं, भीती होती, पोलिसांचं नाव निघालं होतं. सही केली आणि नोकरी गेली.

माझं मी सोसलं असतं. पण गोष्ट पेडगावला पोचली. बाजारात बाबांना कुणीतरी गाठून सांगितलं, तुझ्या लेकीनं बाईला मेंढरागत बांधली, तुझी गाठ सुटली अन् बाई मेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्या सुटल्या आणि कोकरं बांधायची वेळ झाली तेव्हा ते दोर हातात घेऊन नुसते उभे राहिले. मग आईला म्हणाले, "तू बांध. माझ्या हाताचं आता खरं न्हाई."

मी त्यांना सगळं सांगितलं. कात्री, पट्टी, घाम, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तू माझी लेक हायस. मला बरं वाटावं म्हणून असंच सांगशील तू." मी चिडले, रडले, देवाची शपथ घेतली. "लेकराची शपथ काय धरायची?" म्हणाले. "शिकलेला माणूस कागदावर लिवून देतोय का उगं? एवढा मोठा सायब खोटं कशाला बोलंल?" मग त्यांनी विचारलं, "दोन लेकरं होती म्हन त्या बाईला?"

त्यानंतर बाबांनी कोकराला गाठ मारली नाही. वर्षं गेली. मी सरकारी नोकरीत लागले, बदल्या होत होत परत परभणीत आले, वॉर्डाची इन्चार्ज झाले. मी पेशंटांना बाबांची गाठच मारत राहिले, फक्त कुणाची ते सांगणं बंद केलं. सुट्टीला घरी जायची तेव्हा सकाळी आई कोकरं बांधताना दिसायची. तिची गाठ आवळायची, कोकरं खोकायची आणि बाबा तिकडे पाठ करून चहा प्यायचे. ती पाठ बघून मला त्या डॉक्टरचा गळा आठवायचा. रोज नाही आठवायचा, उगाच खोटं कशाला सांगू. पण आठवला की जेवण जायचं नाही.

आणि मग तो गळाच माझ्यासमोर आला.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला गडबड झाली. येलदरीकडे डॉक्टरांचं शेत आहे. मोटार चालू करायला त्यांनी स्टार्टरच्या पेटीत हात घातला आणि आत नाग बसलेला. जिंतूरहून इकडे आणेपर्यंत पापण्या पडल्या होत्या, जीभ लोळागोळा झाली होती, श्वास उथळ चाललेला. खाजगीत न नेता आमच्याकडे का आणलं? कारण सापाचं इंजेक्शन आमच्याकडे हमखास मिळतं. आमच्या तरुण डॉक्टरांनी क्षणाचा उशीर न करता नळी घातली. "सिस्टर, बांधा," म्हणाले आणि पुढच्या कामाला वळले.

मी तोंड बघितलं. केस पांढरे झाले होते, बाकी तेच.

नागाच्या विषाची एक गोष्ट लोकांना माहीत नसते. अंगातली सगळी ताकद जाते, पापणीसुद्धा उचलत नाही, माणूस मेल्यासारखा दिसतो, पण शुद्ध असते. कानावर पडेल ते सगळं ऐकू येतं. हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं, ते डॉक्टर होते.

मी फीत घेतली, नळीला दोन वेढे दिले, मानेमागून आणली आणि कोकराची गाठ मारली. सावकाश मारली. मग खाली वाकून त्यांच्या कानात माझं नाव सांगितलं, त्या दवाखान्याचं सांगितलं, त्या बाईचं सांगितलं. "डॉक्टर, तुमच्या गळ्यात तीच गाठ हाय बरं का," म्हटलं. "बघू आता सुटती का."

मशीनवर नाडीचा आकडा भराभर चढला. मी तो बघत उभी राहिले.

पुढचंही लिहिते, लपवत नाही. नळीत कफ साठतो, तो दुसऱ्या बारीक नळीने ओढून काढावा लागतो. त्या वेळी पेशंटला गुदमरल्यासारखं होतं, जीव घाबरा होतो. म्हणून आम्ही आधी सांगतो, काका, आता नळी साफ करते, खोकला येईल, घाबरू नका. बेशुद्ध माणसालाही मी सांगते. त्या दिवशी त्यांना नाही सांगितलं. दोनदा नाही सांगितलं. त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं आणि मला बरं वाटलं. मी नवीन मुलींना शिकवते, की न सांगता कफ काढणारी सिस्टर माझ्या वॉर्डात नको. त्या दिवशी ती सिस्टर मी होते.

तिसऱ्या वेळेला हात थांबला, तो दयेने थांबला असं कुणी समजू नये. थांबला तो विचाराने. मला या माणसाचं काय हवं आहे? मरण नको होतं. मेला तर कागदावर लिहिलेलं तेवढं उरलं असतं. मला त्याचा आवाज हवा होता. बाबांना वाचता येत नाही, त्यांच्यापुढे कागद धरून उपयोग नाही आणि माझं ते ऐकत नाहीत. शिकलेल्या मोठ्या सायबाचं ऐकतात. तर त्या सायबाच्या तोंडून, त्याच्या स्वतःच्या आवाजात, बाबांच्या कानावर पडलं पाहिजे. आणि आवाज तर नळीखाली दाबलेला.

तिथून पुढे मी त्या माणसाला फुलासारखं जपलं. नळीचा फुगा जास्त फुगला तर आतली कातडी खराब होते, म्हणून त्याचा दाब मी स्वतः मोजायची. नळी हलली की आवाजाच्या पडद्यांना घासते, म्हणून कूस बदलताना नळी माझ्या हातात. तोंड पुसायचं, ओठांना ग्लिसरीन लावायचं, आणि आता कफ काढायच्या आधी सांगायचंही. बाकीच्या मुली म्हणाल्या, मॅडम, तुमचे नातेवाईक आहेत का? म्हटलं, हो, लय जुने. त्या माणसाच्या जिवाची काळजी माझ्याएवढी त्याच्या बायकोलाही नव्हती.

बायको भेटायला यायची. चांगली बाई होती, घाबरलेली. दुसऱ्या दिवशी तिने तेच विचारलं जे मी ऐकलेलं होतं.

"सिस्टर, गळ्यात हे असं बांधलेलं बघवत नाही हो. चिकटपट्टी नाही का लावता येणार? काढून टाका ना ते."

मी ट्रेमधली कात्री उचलली आणि तिच्या हातात दिली. "मॅडम, तुमीच कापा. पण आधी साहेबांना विचारा. त्यांना सगळं ऐकू यायलंय."

इंजेक्शनाचा गुण यायला लागला होता. पापण्या अजून उचलत नव्हत्या, पण बोटं हलायची. बायको नवऱ्याकडे वाकली. "अहो, काढू का हे? पट्टी लावू?" आणि तो हात चादरीवरून सरकत, थरथरत वर आला. छातीवर थांबला, परत निघाला. गालापाशी पोचून त्याने गाठीवर बोटं ठेवली आणि झाकून धरली. बायकोने हात बाजूला घ्यायचा प्रयत्न केला तर सोडेना. आमचे तरुण डॉक्टर राउंडला आले होते, ते म्हणाले, "अरे वा, सरांना कळतं, नळीची किंमत!"

"हो," मी म्हटलं. "आता कळायली."

त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवले.

तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. माझ्याकडे बघून त्यांनी हाताने लिहायची खूण केली. बोलता न येणाऱ्यांसाठी आम्ही पाटी ठेवतो. त्यांनी वेडंवाकडं लिहिलं, माफी. मी पाटी घेतली, ओल्या बोळ्याने पुसली आणि परत त्यांच्या छातीवर ठेवली. "माझे वडील शाळेत गेलेले न्हाईत," म्हटलं. "त्यांना वाचता येत न्हाई. तोंडानं सांगा." ते नळीकडे बोट दाखवायला लागले. म्हटलं, "निघंल ती. मी काढून घेते. मंग सांगा."

चौथ्या दिवशी नळी काढायचं ठरलं. मी भावाला फोन करून बाबांना घेऊन यायला सांगितलं. काय आहे ते सांगितलं नाही, सांगितलं असतं तर आले नसते. दुपारी बाबा आले, खांद्यावर घोंगडी, वॉर्डाच्या दारात चपला काढून उभे. मी त्यांचे हात साबणाने दोनदा धुतले, गाऊन घातला, मास्क लावला. नियमात बसत नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी भुवया उचलल्या, पण माझ्या तोंडाकडे बघून काही विचारलं नाही.

"बाबा, ही गाठ सोडा."

बाबांनी खाटेवरच्या माणसाच्या गालाशी असलेल्या गाठीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "तू अजून हीच बांधतीस?"

"हीच बांधते. येवढ्या वर्सांत एक सुटली न्हाई."

त्यांचा हात पुढे येईना. मी नळी तोंडाशी घट्ट धरून ठेवली आणि म्हटलं, सोडा, नळी माझ्या हातात आहे. बाबांनी अंगठा गाठीच्या पाठीला लावला, मागे लोटला आणि गाठ मोकळी झाली. इतक्या वर्षांनी अंगठा जागा विसरला नव्हता. आमच्या डॉक्टरांनी फुगा सोडला, पेशंटला खोकायला सांगितलं आणि नळी बाहेर आली.

नळी काढल्यावर पेशंटला नाव विचारतात, आवाज कसा आहे ते कळावं म्हणून. तरुण डॉक्टरांनी तोंड उघडलं होतं. मी म्हटलं, "नाव राहू द्या. सर, हे माझे वडील. त्या बाईची गाठ सुटली होती का?"

खाटेवरच्या माणसाने बाबांकडे बघितलं. दोनदा घसा खाकरला. आवाज आला तो सुपात खडे घोळल्यासारखा, पण शब्द स्पष्ट होते.

"नाही बाबा. गाठ सुटली नव्हती. मी कापली. कात्रीने. पट्टी लावली, ती निघाली. कागदावर खोटं लिहिलं."

कोपऱ्यात त्यांची बायको उभी होती, तिने पदर तोंडाशी धरला. मला वाटलं होतं की या क्षणी मी हसेन किंवा रडेन. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. माझा सूड पुरा झाला होता, आता त्यांनी फक्त मान हलवायची आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायचा.

बाबांनी हातातली फीत नीट गुंडाळली. मग विचारलं, "सायब, त्या बाईच्या घरच्यांला सांगितलं का?"

डॉक्टर बायकोकडे बघायला लागले.

"तिची लेकरं आता मोठी झाली असतील. त्यांला वाटत आसंल, आई दोरी सुटून मेली. आज्जीच्या तोंडून तसंच ऐकलं आसंल. त्यांला सांगितलं का?"

डॉक्टरांनी डोळे मिटले. या वेळेला विषामुळे नव्हे. मग म्हणाले, "सांगतो."

"सांगा," बाबा म्हणाले.

मी तिथे ताठ उभी होते आणि आतून खचले. इतकी वर्षं मी राग सांभाळला, त्यात माझे बाबा होते, मी होते, तो माफीनामा होता. त्या बाईची दोन मुलं त्यात कुठेच नव्हती. तिला पिशवीने श्वास देणारी मी, तिच्या मुलांची आठवण मला एकदाही झाली नाही. आणि बाबा तर तिचं तोंडही न बघितलेले.

बसस्टँडवर सोडायला गेले तेव्हा मी म्हटलं, बाबा, मीच जाऊन सांगू का त्यांना? "तू न्हाई," म्हणाले. "त्यांच्या लेखी चुकलेली तूच हायस. तुझं कोण धरतंय? ज्यानं कापली त्यानं सांगावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. म्हणाली, "ह्यांनी आज माझ्या हातातला दोरच घेतला." मी फोन ठेवला आणि ड्युटीवर बाथरूममध्ये जाऊन रडले, पाच मिनिटं, मग तोंड धुऊन बाहेर आले.

डॉक्टर बरे होऊन घरी गेले. जाताना त्यांनी मला हात जोडले. मी नाही जोडले. आवाज अजून पहिल्यासारखा नाही म्हणतात, बोलताना घोगरा येतो. मला त्याचं वाईट वाटत नाही.

आणि त्यांनी सांगितलं नाही. महिना गेला, दोन गेले. बाबांनी कुणाकुणाला विचारत त्या घराचा पत्ता काढला होता, तिथे कुणी काही सांगायला आलेलं नव्हतं. तेव्हापासून बाबा दर बाजारच्या दिवशी पेडगावहून पहिल्या बसने येतात आणि डॉक्टरांनी आता स्वतःचा काढलेल्या दवाखान्यात पेशंटांच्या बाकावर घोंगडी टाकून बसतात. काउंटरवरची मुलगी विचारते, बाबा, नंबर लावलाय का? काय होतंय?

"मला काई होत न्हाई. सायबाला इचारायचंय, सांगितलं का."

बाकावरचे बाकीचे पेशंट विचारतात, काय सांगायचं? बाबा म्हणतात, सायबालाच इचारा. आणि ते खरंच विचारतात. संध्याकाळी शेवटच्या बसला बाबा उठतात. मी दुपारी तिथे जाऊन त्यांना भाकरी आणि ठेचा देऊन येते, आत बघत नाही.

मागच्या बाजारी डॉक्टर दवाखान्याच्या मागच्या दाराने निघून गेले म्हणे. बाबांनी मला कालच फोन केला, ते मागचं दार कोणत्या गल्लीत उघडतं ते विचारायला. मी सांगितलं, आणि तिथे सावली नसते, छत्री घेऊन या, असंही सांगितलं.